हिंजवडी, माळेगाव आणि ‘पेन’: गावाचं नाव नक्की म्हणायचं कसं?

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. विचारणारे मूळचे इंदूरचे मराठी, नोकरीला पुण्यात. ऑफिसातले म्हणतात हिंजेवाडी, रिक्षावाले काका म्हणतात हिंजवडी, फोनमधली रस्ता सांगणारी बाई तिसरंच काहीतरी म्हणते, आणि ठाण्याचा रूममेट स्वतःच्या गावाला ठाणे न म्हणता ‘ठाणं’ म्हणतो. मग बरोबर कोण? आणि बाहेरून आलेल्याने शिकायचं कसं?

मी या भानगडीत २६ वर्षं आहे. आधी रेडिओवर प्रादेशिक बातम्या वाचायचो, आता बसमधल्या आणि ॲपमधल्या घोषणांचं रेकॉर्डिंग व्हायच्या आधी नावांच्या याद्या तपासून देतो, म्हणजे अमुक नावात ळ आहे का ल, तमुक नावात ण का न, ज कुठला, हे बघायचं आणि मग आवाज देणाऱ्याकडून ते घोटून घ्यायचं. ऐकायला किरकोळ काम वाटतं पण दोनशे थांब्यांच्या यादीत दोन दिवस जातात. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. नवा होतो, संध्याकाळचं बुलेटिन, शेवटच्या क्षणी एक बातमी हातात आली, ऊस दराची, आणि त्यात गावाचं नाव इंग्रजीत, एम ए एल ई जी ए ओ एन. मी ठोकून दिलं ‘मालेगाव सहकारी साखर कारखाना’. बुलेटिन संपतंय न संपतंय तोवर फोन, बारामतीकडचे एक गृहस्थ, आवाज शांत, ते म्हणाले, “साहेब, मालेगाव नाशकात. आमचं माळेगाव. ऊस आमचा आहे.” बस एवढंच. रागावले नाहीत, पण ते ‘ऊस आमचा आहे’ मला आजही ऐकू येतं. इंग्रजीत दोन्ही गावं अक्षरशः एक, आणि वर तिसरं नांदेड जिल्ह्यातलं, खंडोबाच्या जत्रेचं, तेही माळेगावच. त्या दिवसापासून मी इंग्रजीत आलेलं कुठलंही गावाचं नाव मराठीत कुठेतरी बघितल्याशिवाय तोंडातून काढत नाही.

तर पहिला मुद्दा हाच, की बाहेरच्या माणसाचा उच्चार चुकतो तो बहुतेक वेळा त्याच्या कानामुळे नाही, डोळ्यामुळे चुकतो. त्याने नाव ऐकलेलंच नसतं, वाचलेलं असतं, तेही रोमन लिपीत. रोमनमध्ये त आणि ट एक, द आणि ड एक, न आणि ण एक, ल आणि ळ एक, अ आणि आ एक. म्हणजे एका नावाचे आठ-दहा उच्चार होऊ शकतात आणि त्यातला एक बरोबर. इंग्रजांनी सुरुवातीला जसं कानाला लागलं तसं लिहिलं, पूना, टॅना, धुलिया वगैरे, १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली तेव्हा ठाण्याचं स्पेलिंग आजच्यासारखं नव्हतंच. मग १८७०च्या दशकात नावं रोमनमध्ये लिहायची हंटर साहेबांची पद्धत सरकारने घेतली, ती त्या मानाने बरी होती, त्यात आ वर खूण द्यायची सोय होती, ट-ड-ण साठी मात्र वेगळी खूण नव्हतीच. पण रस्त्यावरच्या पाटीवर, तिकिटावर, टाइपरायटरवर ती आ वरची खूण तरी कोण देणार? ती गळाली, आणि उरलं ते आजचं स्पेलिंग, ज्याच्यात कोथरूडचं कोथरुद, खराडीचं खरादी, कात्रजचं कटराज आणि वारजेचं ‘वर्जे’ होतं.

काही नावांची तर दुर्दशा अशी की इंग्रजीत त्याचा वेगळाच शब्द होऊन बसलाय. पेण, जिथले गणपती जगभर जातात, ते ‘पेन’. पालघर जिल्ह्यातलं हायवेवरचं मनोर, ते ‘मॅनर’, जणू कुणा लॉर्डचा वाडा. पुण्यातली तीन पिंपळे, गुरव, सौदागर आणि निलख, त्यांचं स्पेलिंग वाचून नवीन माणूस दचकतोच, कारण तो शब्द त्याच्या लेखी तोंडावर येणाऱ्या पुळीचा. सांगली जिल्ह्यातलं जत, ते ‘जाट’. मिरज, ते ‘मिराज’, विमान असल्यासारखं. पण माझा सगळ्यात आवडता सापळा म्हणजे गडहिंग्लज. गड आणि हिंग्लज असे दोन तुकडे, पण रोमनमध्ये गड चा डी आणि हिंग्लज चा एच शेजारी येतात आणि वाचणारा त्याचा ढ नाहीतर ध करून टाकतो, मग गढिंगलज, गधिंगलज, काय वाट्टेल ते. एका आवाज देणाऱ्या पोराने सात टेकमध्ये सात उच्चार केले, शेवटी मी कागदावर ‘गड’ लिहिलं, मध्ये एक बोट जागा सोडली, ‘हिंग्लज’ लिहिलं, आठव्या टेकला झालं.

तुमच्या फोनमधली बाई पण याच आजाराची. ती मराठी ‘वाचत’ नसते बहुतेक वेळा, नकाशात नाव इंग्रजीत भरलेलं असतं आणि यंत्र ते उलटं देवनागरीत आणतं, किंवा मराठी नाव हिंदीच्या नियमाने बोलतं. त्यामुळे लोहगावचं लोहेगाव होतं. आता लोहगाव म्हणजे तुकोबांचं आजोळ, चारशे वर्षं लोक लोहगाव म्हणतायत, स्पेलिंगमध्ये कुणीतरी एक ई घुसडली आणि विमानतळावर उतरणारी निम्मी जनता लोहेगाव म्हणायला लागली. हिंजवडीचंही तेच झालं. मूळ हिंजवडी, शेवटी वडी, वाडी नाही. स्पेलिंगमध्ये मध्ये ई आली, आणि शेवटचं ‘वडी’ रोमनमध्ये ‘वाडी’सारखंच दिसतं, आणि बाहेरच्याला वाडी शब्द ओळखीचा असतो, म्हणून हिंजेवाडी तयार. आयटी पार्क झाल्यावर त्या गावाचं नाव तोंडी घेणारे लोक गावातल्या लोकांपेक्षा कितीतरी पटीने जास्त झाले, आणि सगळ्यांनी ते ऑफर लेटरवर वाचलेलं! रिक्षावाल्या काकांनी ते वाचलेलं नाही, ऐकलंय. काका बरोबर.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू का, ही चूक फिरून मराठीत येते. पाटी रंगवणाऱ्याच्या हातात इंग्रजी यादी दिली की तो बिचारा जसं दिसेल तसं देवनागरीत उतरवतो, आणि मग हायवेवर महाडचं ‘महाद’ आणि कुडाळचं ‘कुदाल’ झालेलं मी स्वतः बघितलंय. हिंदीत कुदाल म्हणजे आपली कुदळ. कोकणात उतरून कुदळ शोधा.

आता ळ. हिंदीभाषक मित्रांबद्दल लोक फार नाकं मुरडतात, पण त्यांच्या प्रमाण हिंदीत ळ नाहीच, तर ते आणणार कुठून? त्यामुळे जळगावचं जलगाँव, धुळ्याचं धुले, लोणावळ्याचं लोनावला, भुसावळचं भुसावल, नेरळचं नेरल. गेल्या वर्षी स्टुडिओत एक मुलगी आली होती, कानपूरची, आवाज इतका सुंदर की ऐकत राहावं, आणि यादीत पहिलंच नाव तळेगाव. ती म्हणाली तलेगाँव. मी म्हणलं, ट म्हण. म्हणाली. जीभ कुठे लागली? वर, टाळूला, मागे. आता जीभ तिथंच ठेव आणि तिथून ल म्हणायचा प्रयत्न कर, आणि जीभ पुढे फेक. पहिल्यांदा ‘तडेगाव’ आलं, मग ‘तरेगाव’, मग दहाव्या मिनिटाला एकदम स्वच्छ तळेगाव! ती स्वतःच दचकली. मग दिवसभर काचेच्या पलीकडून ळ ळ ळ चालू. संध्याकाळी जाताना मला म्हणाली, “सर, एक बात बोलूँ? आप लोग कानपूऽर बोलते हो, इतना लंबा। हमारा कानपुर है, छोटा सा।” बरोबर होतं तिचं. आपल्याकडे शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या आधीचा उकार लांबतो, नागपूर, सोलापूर, म्हणून आपण तिचं गावही ओढून लांब केलं. तिच्या यादीत आपण ‘बाहेरचे’.

च आणि ज चा घोळ याहून बारीक आहे आणि तो इंग्रजीचा नाही, आपल्याच लिपीचा आहे. मराठीत च दोन, ज दोन, झ दोन. चहाचा च वेगळा आणि चोराचा च वेगळा, पण लिहिताना एकच. त्यामुळे मराठी पाटी नीट वाचूनसुद्धा बाहेरचा माणूस चुकतो. चाकणचा च चाकाचा, चोपड्याचा पण तसाच, पण चंद्रपूरचा च चंद्राचा आणि चिपळूणचा चिंचेचा. जळगावचा ज जळण्याचा, जुन्नरचा ज जुन्याचा, पण जयसिंगपूरचा ज जय मधला. ढोबळ नियम एवढाच की पुढे इ किंवा ए असेल तर ओठ पसरलेला मऊ च-ज, संस्कृतातून सरळ आलेलं नाव असेल तरी बहुधा मऊच, आणि गावठी अस्सल मराठी शब्द असेल आणि पुढे अ, आ, उ, ओ असेल तर दातांचा. अपवाद निघतात, मग ऐकणं आलं. मी स्क्रिप्टवर दातांच्या ज खाली पेन्सिलने टिंब देतो, शुद्धलेखनवाले ओरडतील पण आवाज देणाऱ्याला तेच कळतं. गंमत म्हणजे इथे कधीकधी इंग्रजी स्पेलिंगच मदतीला येतं. माझगावचं स्पेलिंग बघा, त्यात झेड आहे. लिहिणाऱ्या गोऱ्याला आपल्या दोन झ चं काही माहिती नव्हतं, त्याने फक्त ऐकलं तसं उतरवलं, आणि तो दातांचा उच्चार गोदीच्या नावात कायमचा अडकून राहिला.

मुंबईबद्दल थोडक्यात, कारण मुंबईवर सगळेच लिहितात. लोकलच्या स्टेशनवर एकाच पाटीवर, एकाच देवनागरीत, दोन नावं असतात ते कधी नीट बघितलंय का? वर शीव, खाली सायन. वर वांद्रे, खाली बान्द्रा. वर परळ, खाली परेल. एक मराठी, एक हिंदी, आणि हिंदीवालं नाव मराठीवरून नाही तर इंग्रजीवरून आलेलं. शीव म्हणजे हद्द, बेटाची शीव, साधा शेतकऱ्याचा शब्द. त्याचं स्पेलिंग झालं, स्पेलिंगवरून सायन झालं, आणि आता शीव म्हणलं की टॅक्सीवाला विचारतो ‘कौन सा?’ व आणि ब ची अदलाबदल पोर्तुगीजांपासूनची, वसईचं त्यांनी बसाईं केलं, इंग्रजांनी बॅसीन, म्हणून १८०२ चा वसईचा तह इंग्रजी पुस्तकात वेगळ्याच गावाचा वाटतो. आणि वर्सोवा! कोळीवाड्यात जाऊन विचारा, ते वेसावे आहे, तिथली माणसं वेसावकर. वर्सोवा म्हणणारे समुद्र बघायला येतात, वेसावे म्हणणारे समुद्रात जातात, एवढा फरक.

गोव्याचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी माणूस तिथे सगळ्यात जास्त चुकतो आणि चुकतोय हे त्याला माहितीही नसतं. कँडोलिम, सिओलिम, पर्नेम, क्वेपेम असं आपण ऐटीत म्हणतो. ही गावं आहेत कांदोळी, शिवोली, पेडणे आणि केपे. तो शेवटचा म कुठून आला? तो म नाहीच. पोर्तुगीज लिहिण्यात शेवटी एम आला की आधीचा स्वर नाकातून म्हणायचा एवढाच त्याचा अर्थ, ओठ मिटायचे नाहीत. म्हणजे पेडणें मधला अनुस्वार दाखवायला त्यांनी एम वापरला. आता जुनी मराठी पुस्तकं आठवा, पुणें, ठाणें, धुळें असं टिंब देऊन छापलेलं असायचं, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती न उच्चारली जाणारी टिंबं काढली. म्हणजे पर्नेमचा एम आणि आपल्या आजोबांच्या पुस्तकातल्या ‘पुणें’वरचं टिंब ही सख्खी भावंडं आहेत. आपलं टिंब आपण खोडलं, त्यांचं स्पेलिंगमध्ये राहिलं, आणि आज पर्यटक त्याचा ठणठणीत म करतो. तसंच आपला ड त्यांच्या कानाला र सारखा लागला, म्हणून मडगावचं मार्गाव आणि पेडण्याचं पर्ने. ह तर त्यांनी गिळलाच, हळदोण्याचं आल्दोना झालं. म्हापशाला मापुका म्हणणारा माणूस बसस्टँडवर लगेच ओळखू येतो, मूळ पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये सी ला खाली शेपटी होती, ती स ची खूण. साखळी, डिचोली, कुठ्ठाळी, काणकोण, ही नावं नुसती मोठ्याने म्हणून बघा आणि मग हॉटेलच्या बिलावरची स्पेलिंगं बघा, एका गावाची आहेत यावर विश्वास बसणार नाही. आणि फोंडा! गोव्यातलं फोंडा इंग्रजीत पोंडा, आणि सिंधुदुर्गातलं घाटाखालचं फोंडा इंग्रजीत फ ने सुरू होतं. एकाला पार्सल पाठवलं की दुसरीकडे जायचं असे किस्से तिकडे भरपूर.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की झालं, मराठी पाटीवर लिहिलंय ते बरोबर आणि बाकी सगळे चूक. नाही. तुमच्या ठाण्याच्या मित्राकडे येऊ. तो ‘ठाणं’ म्हणतो कारण बोलताना आपण सगळेच तसं म्हणतो, पुणं, ठाणं, धुळं, जसं केळे न म्हणता केळं म्हणतो तसंच. ठाणे हे लिहायचं रूप, ठाणं हे बोलायचं. मी बातम्या वाचताना पुणे म्हणायचो आणि स्टुडिओच्या बाहेर पडून घरी फोन केला की ‘पुणं गारठलंय नुसतं’. दोन्ही बरोबर. आणि मुळशी-मावळात जा, तिथे ‘पुन्याला’ ऐकाल, ण नाही. आगरी-कोळी भागात उरणला उरन म्हणतील. मग हाच ण चा न दिल्लीवाल्याने केला की आपण हसतो आणि उरणच्या म्हाताऱ्याने केला तर? तो तर तिथला पिढ्यान् पिढ्यांचा. कोल्हापूरवाला स्वतः कोल्लापूर म्हणतो, आणि छाती काढून म्हणतो, त्याला कुणी ‘ल्हा’ शिकवायला जाऊ नका.

माझं आजोळ यावल तालुक्यात. तिकडच्या लेवा बोलीत ळ चा य होतो, केळीची केयी, डोळ्याचा डोया. आजी आयुष्यभर जयगाव म्हणाली, भुसावय म्हणाली. मी शहरात शिकून गेलेला शहाणा नातू, आठवी-नववीत असेन, तिला म्हणलं आजी जयगाव नाही, जळगाव, ळ म्हण. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, “तुहं जळगाव तुले राहू दे बाप्पा, मले जयगावले जानं हाय.” तेव्हा मी हसलो. पुढे वीस वर्षांनी जळगाव जिल्ह्यातल्या थांब्यांची यादी तपासताना तिचं ते वाक्य डोक्यात असं बसलं की मी यादीच्या बाजूला आणखी एक रकाना काढायला लागलो, ‘गावात काय म्हणतात’. घोषणेत ते नाव जात नाही, घोषणा प्रमाण नावातच होते आणि व्हायलाच पाहिजे, नाहीतर परगावच्या माणसाला कळणार नाही. पण नाव तपासताना तो रकाना भरलेला असला की कुठला ळ खरा आणि कुठला कुणीतरी शहाण्याने नंतर चिकटवलेला, ते लगेच कळतं. गावात य म्हणत असतील तर मूळ ळ आहे हे नक्की, कारण तिकडे ल चा य होत नाही.

आणि आता जी गोष्ट मला खरी ओळखीची खूण वाटते ती. बाहेरचा माणूस ळ शिकेल, ण शिकेल, दातांचा ज पण शिकेल. पण तो म्हणेल ‘मी पुणेला जातोय’, ‘ठाणेमध्ये राहतो’, ‘लोणावळामध्ये पाऊस आहे’. इथला माणूस पुण्याला जातो, ठाण्यात राहतो, लोणावळ्याला भिजतो. विलेपार्ले कुणी बोलत नाही, पार्ल्यात राहतात. वांद्र्याला, भायखळ्याला, कुर्ल्याला, धुळ्याला, साताऱ्याला. नागपूर लांब पण नागपुरात गेलं की उकार आखूड. मालवणीत तर सावंतवाडी एवढं लांब नाव कोण घेतंय, ‘वाडीक जातंय’ म्हणलं की संपलं. नाव नुसतं उभं असताना कुणीही पाठ करून म्हणू शकतो हो, त्याला ‘ला’ आणि ‘त’ लागलं की ते वाकतं, आणि ते वाकवणं घरात ऐकल्याशिवाय येत नाही. उलट हेही खरं की नुसतं हे एवढं जमलं तर बाकीचं लोक माफ करतात. पुन्याला म्हणा, चालेल. पुणेला म्हणालात की समोरचा हिंदीत सुरू होतो.

म्हणून माझी याद्या तपासायची पद्धत सांगतो, तुम्हालाही उपयोगी पडेल. गावात फोन लावायचा, ग्रामपंचायतीत नाही, स्टँडजवळच्या एखाद्या दुकानात, आणि ‘तुमच्या गावाचं नाव काय’ असं अजिबात विचारायचं नाही. असं विचारलं की माणूस सावध होतो, सरळ बसतो आणि पाटीवरचं नाव सांगतो, शाळेत वाचल्यासारखं. त्याऐवजी विचारायचं, दादा, पुण्याहून तुमच्याकडे यायचंय, एसटीत बसल्यावर कंडक्टरला काय सांगू? मग तो खरं बोलतो. “अहो काय नाय, ...ला उतरायचं म्हणा.” त्या ‘ला’ च्या आधी जे येतं ते नाव. शेजारच्या गावाची माणसं या गावाला काय म्हणतात तेही विचारायचं, आणि दोघांचं जुळलं की पेन्सिलने टिक. नाही जुळलं तर तिसरा फोन. बुद्रुक आणि खुर्द असेल तर हमखास तिसरा फोन, कारण बुद्रुकवाले बुद्रुक म्हणतच नाहीत, ते आपल्या गावाला नुसतं वडगाव म्हणतात आणि पलीकडच्याला खुर्द.

राहता राहिलं ‘आपण विरुद्ध ते’. तुम्ही इंदूरचे म्हणून हे मुद्दाम शेवटी ठेवलं. आपण मराठी लोक दुसऱ्यांच्या गावांना काय करतो बघा. भोपालमध्ये ळ नाही, आपण भोपाळ केलं, जिथे नव्हता तिथेही घातला. झाँसीची झाशी, ग्वालियरचं ग्वाल्हेर, लखनऊचं लखनौ, वडोदऱ्याचं बडोदा, विजयपुराचं विजापूर. बेळगाव-बेळगावी हा विषय तर उघडतच नाही, सीमाभागाचं दुखणं आहे, त्यावर इथे दोन ओळीत बोलणं बरं नाही. पण यातला फरक लक्षात घ्या. इंदूर किंवा ग्वाल्हेर ही चुकून झालेली नावं नाहीत, होळकर-शिंद्यांबरोबर तिथे गेलेल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या वापरलेली आपली नावं आहेत, आणि ती त्या गावात राहणाऱ्या मराठी घरांतही चालतात. लोहेगाव तसं नाही, ते कुणाच्याच घरात जन्मलेलं नाही, स्पेलिंगमधून पडलंय. एक नाव तोंडातून आलेलं, एक कागदातून आलेलं. मी कागदातून आलेलं खोडतो, तोंडातून आलेलं असेल तर मला ते कानाला कितीही खटकलं तरी हात लावत नाही. सायन मात्र माझी अडचण आहे. जन्मलं कागदात, पण आता तीन पिढ्या लोक तिथे राहून सायनच म्हणतायत, मराठी घरांतसुद्धा. माझ्या यादीत शीव लिहितो आणि मित्राला फोनवर सायनला भेटू म्हणतो, करा काय करायचं ते.

तर तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी. हिंजवडी, काका बरोबर, ऑफिसात मात्र भांडू नका, मीटिंगचा पत्ता चुकेल. ठाणं आणि ठाणे दोन्ही बरोबर, फक्त ‘ठाणेला’ म्हणू नका. आणि फोनमधल्या बाईचं म्हणाल तर मी तिचा आवाज बंदच ठेवतो, परवा ती मला बाणेरला बॅनर म्हणाली आणि मी हसण्याच्या नादात फ्लायओव्हर चुकलो, पाषाणपर्यंत जाऊन यू टर्न मारून आलो.